खडूने भरलेली नावे

माझ्या धाकट्या बहिणीच्या भांड्यांचा फोटो काढावा, ही कल्पना सर्वस्वी माझी होती. ती दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही आणि तसा माझा हेतूही नाही. आमच्या घरात तोवर माणसाचासुद्धा फोटो निघालेला नव्हता. वडील वारले तेव्हा त्यांचा चेहरा आठवणीखेरीज कोठेही उरला नाही. अशा घरातला पहिला फोटो निघाला तो एका घंगाळाचा, दोन हंड्यांचा, एका मोठ्या पातेल्याचा, एका परातीचा आणि एका समईचा.

मी साताऱ्यास कचेरीच्या आवारात अर्ज लिहिण्याचे काम करतो. शिक्षण मराठी सहा इयत्ता आणि इंग्रजी दोन. त्यापुढे शिकणे वडिलांच्या आजारपणामुळे झाले नाही. परंतु शाळेने जे दिले नाही ते वीस वर्षांच्या कामाने दिले, असे मी नम्रपणे नमूद करतो. वकिलांनी तयार केलेले मसुदे मी दुरुस्त करून दिल्याची उदाहरणे आहेत. माझे अक्षर कचेरीतील कारकून मंडळी लांबून ओळखतात. वडूजकडचा शेतकरी पंधरा कोस चालून येतो आणि दुसरे लिहिणारे रिकामे बसलेले असताना माझ्यापुढे रांगेत थांबतो, तो या अक्षरासाठी. या सर्व गोष्टींचा परिणाम माझ्या स्वभावावर असा झाला होता की, एखादी गोष्ट कागदावर आल्याखेरीज ती घडली असे मी मानीत नसे.

बहीण सांगलीस दिली होती. तिचे यजमान हळदीच्या पेठेत पोती तोलणारे तोलार होते. दुसरे महायुद्ध सुरू झाले त्याच्या पुढच्या वर्षी ते विषमज्वराने वारले. मूलबाळ नव्हते. घरात थोरले दीर आणि जाऊ, त्यांची मुले. बहिणीला कोणी मारले नाही, उपाशी ठेवले नाही. परंतु यजमान गेल्यापासून चूल तिच्याकडे आली ती आलीच. पहाटेपासून भाकऱ्या थापायच्या, सर्वांची जेवणे उरकायची, आणि मागचे-पुढचे जे काही राहील ते स्वतः खायचे. दोन वर्षे तिने हे केले. तिसऱ्या वर्षी संक्रांतीला ती माहेरी आली, तेव्हा आईच्या पायांना तेल चोळता चोळता तिने आपला बेत सांगितला.

सांगलीच्या पेठेमागे एका मुसलमान व्यापाऱ्याच्या वृद्ध आईकडे दोन खोल्या रिकाम्या होत्या. म्हातारी बहिणीला ओळखत असे. तिने होय म्हटले होते. होळी झाली की हळदीच्या गाड्या येऊ लागतात. गाडीवान, हमाल, मुनीम, तोलार असे शेकडो लोक पेठेत दिवस काढतात आणि गरम भाकरीसाठी वणवण करतात. बहिणीला तेथे खानावळ घालावयाची होती.

“मला माणसं लागत न्हाईत,” ती म्हणाली. “आमटी मी करंन, भाकरी मी थापंन. भांडी तेवढी मोठी पायजेत, आन् ती माझी हायत. बाबांनी दिल्याली.”

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लढाईमुळे त्या वर्षांत तांब्यापितळेची नवी भांडी बाजारात दिसेनाशी झाली होती. पत्रा मिळत नव्हता, तांबट आळीतला ठोकण्याचा आवाज बंद पडला होता, आणि मोडीचे व्यापारी गावोगाव फिरून जुनी भांडी वजनावर उचलीत होते. तेव्हा ज्याच्या घरी मोठी भांडी असतील तोच खानावळ घालू शकत होता. बहिणीचा सारा बेत त्या सहा भांड्यांवर उभा होता. ती मिळाली तर ती स्वतःच्या चुलीपुढे बसणार होती. न मिळाली तर जन्मभर दुसऱ्याच्या.

आई लगेच म्हणाली, “मग गाडी कर आन् उचलून आन की रं. त्यात इचारायचं काय?”

“आई, असे उचलून आणता येत नाही. उद्या त्यांनी चोरीची फिर्याद दिली तर?”

“कशाची चोरी? तिचं नाव हाय त्याच्यावर.”

“नाव आहे, हे सिद्ध करावे लागते.”

“दिसतंय की ते! समदी आंधळी हायत व्हय तुझ्या कचेरीत?”

मी हसलो. आईला कायदा कळत नाही, हे तिला समजावण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. बहीण मात्र हसली नाही. “दादा, तू ये आन् गाडीत घालून दे,” एवढेच ती म्हणाली.

त्या भांड्यांवरच्या नावांविषयी थोडे लिहितो. आपल्याकडे मुलीला भांडे द्यावयाचे तर त्यावर नाव घालून देतात. तांबट टोकदार खिळ्याने ठिपक्यापुढे ठिपका ठोकीत जातो आणि त्या ठिपक्यांची अक्षरे होतात. कोणी दिले, कोणास दिले, गाव कोणते, एवढे त्यात येते. बहिणीच्या हंड्यांवर, पातेल्यावर, परातीवर आणि समईवर वडिलांचे नाव, तिचे नाव व ‘सातारा’ असे होते. घंगाळाची गोष्ट निराळी. ते आमच्या आईकडून तिला मिळाले होते, आईला तिच्या आईकडून, आणि आजीला पणजीकडून. आमच्या आईच्या माहेरची ही रीत होती की घंगाळ सुनेकडे जात नाही, लेकीकडे जाते. आणि जाताना तिचे नाव आधीच्या नावाखाली घातले जाते. त्यामुळे त्याच्या काठाखाली एकाखाली एक अशी चार बायकांची नावे होती. पणजीचे नाव इतके झिजले होते की ते बोटाने वाचावे लागे. आमच्या घराण्याचा लेखी पुरावा म्हणता येईल असे त्या घंगाळाखेरीज दुसरे काही नव्हते. त्यावर पुरुषाचे नाव एकही नव्हते. सात-बाराचा उतारा असावा एवढी जमीन आमच्याजवळ कधीच नव्हती.

फोटोची कल्पना मला एका भिंतीच्या दाव्यावरून सुचली. दोन शेजाऱ्यांच्या तंट्यात एका पक्षाने भिंतीचा फोटो दाखल केला होता. तोवर साक्षीदारांच्या जबान्यांना कंटाळलेले न्यायाधीश तो फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहात राहिले, हे मी दारातून स्वतः पाहिले होते. तेव्हापासून माझ्या मनाने घेतले होते की योग्य प्रसंग येताच आपणही हे साधन वापरावे. बहिणीच्या भांड्यांचा फोटो काढावा, सोबत यादी जोडावी, अर्ज करावा, हुकूम मिळवावा, आणि मग दिवसाढवळ्या वाजतगाजत भांडी आणावीत. माझ्यासारख्या माणसाच्या बहिणीची भांडी भिंतीआडून का न्यावीत?

माघ महिन्यात मी निघालो. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार स्टेशनापर्यंत दोनदा बंद पडली. पुढे गाडीने मिरज आणि तेथून सांगली. फोटोवाले मी तेथलेच ठरवले. ते सांगलीतील एका मुसलमान कारागीर घराण्यातील, साठीकडे झुकलेले गृहस्थ होते. त्यांचे थोरले बंधू कल्हईचे काम करीत. लढाईमुळे काचेच्या प्लेटी मिळत नाहीत, आपल्याजवळ थोड्याच उरल्या आहेत, एकच खर्च करू, असे त्यांनी आधीच बजावले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे कॅमेरा, त्याची तीन पायांची घोडी आणि काळे फडके घेऊन बहिणीच्या सासरी गेलो.

माझी अपेक्षा होती की थोरले दीर आकांडतांडव करतील. मी त्याची उत्तरेही मनात जुळवून ठेवली होती. परंतु ते ओसरीवरून उठून पुढे आले.

“या, या पाव्हणं. फोटू? कुनाचा फोटू?”

मी सांगितले.

“भांड्यांचा!” ते मोठ्याने हसले. “आमचा म्हातारा मेला तवा त्याचा फोटू काढायचं सुचलं न्हाई आमाला, आन् तुमी घंगाळाचा काढताय! लगीन ठरलंय का काय त्याचं? कुनीकडचं स्थळ?”

आतून जाऊबाई म्हणाल्या, “आवं, मग हळद लावायची का परातीला?”

“लावा की. पेठ काय लांब हाय?”

बहीण दाराआड उभी होती. मी मात्र या थट्टेने मनातून सुखावलो. कारण विरोध नसल्यास काम सोपे होते. भांडी माळ्यावर होती. लग्नकार्यावाचून ती खाली येत नसत. गेली सहा वर्षे तर ती तेथेच होती. दिरांनी स्वतः शिडी लावली. स्वतः वर चढून एकेक भांडे खाली दिले. “धरा पाव्हणं, जड हाय,” असे प्रत्येक भांड्याला म्हणत. आज मी त्या वाक्याचा विचार करतो. त्या घरात सहा वर्षांत ती भांडी किती जड आहेत हे कोणी हातात धरून पाहिले नव्हते. ते त्यांना मी पाहावयास लावले.

बहिणीने अंगणात बसून चिंच आणि राखेने ती घासली. शेजारच्या बायका कुंपणाशी जमल्या. काळपट घंगाळातून तांबूस रंग वर येऊ लागला तशी त्यांच्यातली एक म्हणाली, “बया, केवढं हाय! आंघूळ घालायची का पोरं पव्हायला सोडायची यात?” बहीण त्या दिवसात पहिल्यांदा हसली. ती घंगाळ घासताना पणजीच्या नावावरून बोट फिरवीत होती. मग तिने आपल्या नावाखालची रिकामी जागाही तेवढीच घासली.

मी घोंगडी अंथरून भांडी मांडली. बहीण आतून भाकरीचे पीठ मळण्याची लाकडी काथवट घेऊन आली आणि परातीशेजारी ठेवू लागली.

“ही कशाला?”

“ही बी बाबांनीच दिलीया.”

“हिच्यावर नाव नाही. पुराव्यास उपयोग नाही.” मी ती बाजूला काढून ठेवली.

फोटोवाल्यांनी काळ्या फडक्यात डोके घातले, बाहेर काढले आणि मान हलवली.

“साहेब, लई घासली. आता हे आरसे झाले. फोटोत भांडं येणार न्हाई, आभाळ येईल. थोडी शाडूची माती कालवून वरून पुसू.”

“माती फासलेली भांडी मी कोर्टासमोर नेऊ?”

“कोर्टासमोर फोटो जाणार साहेब. माती न्हाई जाणार.”

मी मान्य केले नाही. मग त्यांनी भांडी थोडी आडवी-तिरपी करून, एक धोतर दोरीवर ताणून त्याची सावली पाडली आणि कसेबसे जमवले. परंतु नावे दिसत नव्हती. ठिपके बारीक होते आणि कॅमेरा लांब. यासाठी मी साताऱ्याहून खडू आणला होता. मी तो काढला तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

“असं करा. नुसता खडू चोळा आणि वरून फडकं मारा. ठिपक्यात राहील तेवढा राहू दे. वर लिहू नका.”

मी तसे एका हंड्यावर करून पाहिले. ठिपक्यांत पांढरे कण राहिले. परंतु अक्षरे तुटक, ओबडधोबड, एखाद्या अडाण्याने गिरवल्यासारखी दिसत होती. ते तांबटाचे अक्षर होते. असे अक्षर न्यायाधीशापुढे जावे हे मला सहन होईना. मी खडूला टोक केले, आणि प्रत्येक ठिपका दुसऱ्याशी जोडीत, वेलांटी जेथे हवी तेथे नीट वळवीत, सर्व नावे स्वच्छ लिहून काढली. घंगाळावरची चार नावे तर मी अशी काढली की कुंपणाशी उभ्या असलेल्या बायकांनाही ती दिसली.

“झ्याक आलंय की,” दीर मागून म्हणाले. “छापल्यावानी.”

फोटोवाले पुन्हा फडक्यात शिरून बाहेर आले. त्यांनी प्लेट घातली, झाकण काढले, ओठांनी आकडे मोजले, झाकण लावले. ते होताच मी यादी काढून दिरांपुढे धरली आणि सही मागितली.

“करतो की सही. घाई काय हाय? जेवा आधी.”

जेवल्यावर ते पेठेत निघून गेले. भांडी अंगणातून ओसरीवर आणून ठेवली होती. “परत माळ्यावर कोन चढवतंय आता, राहू द्या हितंच,” असे जाऊबाई म्हणाल्या. तेव्हा बहीण मला विहिरीपाशी घेऊन गेली.

“दादा, ती खाली आल्याती. घरात आत्ता पुरुष माणूस न्हाई. कोपऱ्यावर गाड्या उभ्या असत्यात. घालू आन् म्हातारीच्या खोलीवर टाकू. अर्ध्या घटकेचं काम.”

“आणि सगळी मेहनत पाण्यात? फोटो धुऊन यावयाचा आहे. अर्ज दाखल होण्याआधी वस्तू हलली तर पुरावा बिघडतो. आठ दिवस दम धर.”

“आठ दिवस?”

“फार तर दहा.”

तिने पोहरा विहिरीत सोडला. मग म्हणाली, “तुला म्हाईत.” मी त्या उत्तराने समाधान पावलो, आणि संध्याकाळच्या गाडीने साताऱ्यास परतलो.

अर्ज मी तीन दिवस लिहीत होतो. इतका परिपूर्ण अर्ज मी त्यापूर्वी लिहिला नव्हता. चौथ्या दिवशी टपालाने फोटो आला. तो खरोखर सुरेख होता. घंगाळ मध्यभागी, दोन्ही बाजूंस हंडे, मागे पातेले पडद्यासारखे, पुढे परात आणि समई. आणि प्रत्येकावर पांढरी, ठळक, वळणदार नावे. मी तो कचेरीतील चारचौघांना दाखवला. त्यांनी वाहवा केली. त्याच दिवशी दुपारच्या टपालाने बहिणीचे कार्ड आले. तीन ओळी होत्या. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मोडवाला आला. भांडी ओसरीवरच होती. काथवट राहिली आहे.

मी सांगलीस गेलो. दीर घरात होते. या वेळी ते उठले नाहीत.

“आमच्या घरची भांडी आमी इकली. तुमाला काय तरास झाला? ज्याच्या घरात हाय ते भांडं, त्यो मालक.”

“त्यावर नावे होती.”

“मग फोटू हाय की तुमच्याजवळ. बघत बसा.”

बहीण चुलीपुढे होती. नंतर तिने सांगितले की मोडवाल्याने भांडी नेण्याआधी तेथेच अंगणात हातोड्याने चेपली, गाडीत जास्त मावावीत म्हणून. घंगाळ लवकर चेपेना. दोघांनी मिळून ते उलटे घालून त्यावर उभे राहून दाबले. ती हे सांगताना रडली नाही. भाकरी उलटत होती.

अर्ज मी त्याच दिवशी सांगलीच्या कोर्टात दाखल करावयास गेलो. भांडी गेली होती, परंतु माझा अर्जावरचा विश्वास गेला नव्हता. खिडकीतल्या कारकुनाने पहिले पान पाहिले आणि अर्ज मला परत दिला.

“ही तिकिटं कुठली?”

“कोर्ट फीची. साताऱ्याहून लावून आणली.”

“हे संस्थान आहे. खालसातली, इंग्रजी मुलखातली तिकिटं इथं चालत नाहीत. नमुनाही इथला नाही.”

आज संस्थान विलीन झाले आहे आणि ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना हे कळावयाचे नाही. परंतु तेव्हा गाडीतून एका दुपारात माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे, आणि ज्या कागदाला मिरजेच्या अलीकडे मान होता तो पलीकडे रद्दी होता. वीस वर्षे अर्ज लिहिणाऱ्या मला हे माहीत नव्हते असे नाही. मी त्याचा विचार केला नव्हता. मी फोटोचा विचार करीत होतो. तेथला नमुना मिळवणे, पुन्हा लिहिणे, तेथली तिकिटे लावणे यात पाच दिवस गेले. मोडवाल्याचा ठावठिकाणा तोवर लागला. भांडी कराडकडच्या एका भट्टीत गेल्याचे त्याने सरळ सांगितले. तो काही लपवीत नव्हता. त्याच्या लेखी तो तांब्याचा गठ्ठा होता.

सुनावणी होळीनंतर झाली. पेठेत तेव्हा गाड्यांची गर्दी होती. म्हातारीने खोल्या महिनाभर बहिणीसाठी अडकवून ठेवल्या होत्या. मग तिच्या मुलाने त्या हळदीची पोती ठेवण्यास घेतल्या. “बेटी, मैं क्या करूँ,” असे ती बहिणीला म्हणाली आणि पदराने डोळे पुसले, हे मला बहिणीकडूनच समजले.

कोर्टात दिरांच्या वकिलांनी मला फारसे प्रश्न विचारले नाहीत. त्यांनी माझा अर्ज आणि माझा फोटो मागून घेतला. ते दोन्ही त्यांनी मेजावर शेजारी शेजारी ठेवले.

“हा अर्ज आपण स्वतः लिहिला?”

“होय. माझे अक्षर सर्वांना परिचित आहे.”

“फोटोतील भांड्यांवरची अक्षरे कोणाची?”

मी म्हणालो की ती तांबटाची, मूळची, ठिपक्यांची. खडू केवळ दिसण्यासाठी भरला.

“मला ठिपके दाखवा.”

फोटोत एकही ठिपका नव्हता. मी ते सर्व झाकले होते. न्यायाधीशांनी भिंग मागवले. भिंगातून त्यांनी घंगाळ पाहिले, मग माझा अर्ज पाहिला, मग पुन्हा घंगाळ. अर्जातला ‘सा’ आणि हंड्यावरचा ‘सा’ एकाच हाताचा होता. त्याच्या कान्याला मी जो बारीक बाक देतो तोही दोन्हींत होता. मी लांबूनही तो ओळखू शकलो.

“भांडे हजर करता येईल काय?” न्यायाधीशांनी विचारले.

“ते वितळले, साहेब.”

“मग कागदावर पाहून मी काय ठरवू?” त्यांचा स्वर कठोर नव्हता. फोटोवाल्यांची साक्ष झाली. त्यांनी खरे ते सांगितले; खडूखाली ठिपके होते, आपण स्वतः पाहिले. वकिलांनी विचारले की वरचे अक्षर कोणी काढले. त्यांनी माझ्याकडे न पाहता उत्तर दिले. शेजारच्या बायकांपैकी एकही साक्षीस आली नाही. त्यांना त्याच आळीत राहावयाचे होते. दावा शाबीत झाला नाही, असा निकाल झाला.

त्यानंतर बहिणीला त्या घरात ठेवणे शक्य नव्हते आणि त्यांनीही ठेवून घेतले नाही. ती काथवट आणि एक गाठोडे घेऊन साताऱ्यास आली. आईने तिला जवळ घेतले. त्या दिवसापासून माझ्या पानात वाढताना आई माझ्याकडे पाहात नसे. घरात माझी पत्नी होती, तिची चूल होती, आणि बहिणीच्या वाट्याला पुन्हा तीच जागा आली जी सोडण्यासाठी तिने सगळे केले होते. पत्नी वाईट नाही. परंतु एका चुलीपुढे दोन बायका, आणि त्यातली एक आश्रित, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

काही दिवसांनी मी फोटो चौकटीत बसवून आणला. आपल्या आईच्या घराण्यातील चार पिढ्यांची नावे असलेली ती वस्तू निदान भिंतीवर राहावी, असे मी बहिणीला समजावले. तिने चौकट हातात घेतली, खिडकीशी नेली.

“पणजीचं नाव एवढं सुरेख नव्हतं,” ती म्हणाली. “वाकडं हुतं. पहिल्या अक्षरापाशी तांबटाचा खिळा घसरल्याला, तिथं लांब वरखडा हुता. मी न्हाताना तिथं बोट ठेवायची.” मग तिने चौकट माझ्या हातात परत दिली. “हे तुजं हाय, दादा.”

पावसाळा संपताना वाईहून निरोप आला. घाटाजवळ धर्मकृत्यांसाठी येणाऱ्या लोकांची एक मोठी खानावळ होती. तिच्या मालकीणबाईंना स्वयंपाकाला बाई हवी होती. आपली माहिती लेखी कळवावी, असे त्यांचे म्हणणे होते. बहीण माझ्यापुढे येऊन बसली. तिने कागदासाठी हात पुढे केला नाही. मी लिहावे अशीच तिची इच्छा होती. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. तिच्या कुलशीलाविषयी, तिच्यावर आलेल्या प्रसंगाविषयी, अन्यायाने गेलेल्या वस्तूंविषयी चार ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या.

“हे खोड,” ती म्हणाली.

“का? यामुळे तुझ्याविषयी सहानुभूती—”

“खोड, दादा. लिही. भाकरी येते, पुरण येतं, शंभर पानाचा स्वयंपाक येतो. मागं कोणी न्हाई. स्वतःची भांडी न्हाईत.”

“हे शेवटचे कशाला?”

“त्या इचारतील. आधीच सांगितल्यालं बरं.”

मी ते तसेच लिहिले. तिच्यासाठी मी लिहिलेल्या कागदांपैकी मान्य झाला तो हाच. सोमवारी वाईच्या मोटारीत मी तिला बसवून दिले. ती अजून तेथेच आहे. वर्षातून एकदा मी जातो. मागच्या दाराशी थांबतो, ती हात पुसत बाहेर येते, चार शब्द बोलते. खानावळीत भांड्यांचा ढीग असतो, निरनिराळ्या घरांतून आलेली, काही दानात मिळालेली, काही विकत घेतलेली, आणि बहुतेकांवर कोणा ना कोणा बाईचे नाव. मागच्या खेपेस मी तिला विचारले, काम जास्त पडते काय. ती म्हणाली, काम जास्त नाही, वेळ लागतो. भांडे हातात आले की आधी त्यावरचे नाव वाचल्याशिवाय तिला ते घासता येत नाही, आणि त्यापायी मालकीणबाई रोज बोलतात.